शिवशरण सरांची हजेरी

शिवशरण सर आमच्या भूमच्या कॉलेजात तेहतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवत आले. युरोपातल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या एका विचारवंताची एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली: जगात वस्तू अशा नसतातच, असतात त्या मनातल्या कल्पना, जे कुणाच्या जाणिवेत नाही, ते नाहीच. मी वाणिज्य विभागाचा, परीक्षेचं कामही माझ्याकडंच. असल्या मताला माझी हरकत नव्हती. पण ज्याचं सगळं तत्त्वज्ञान दिसण्यावर उभं, त्यानं निदान बघावं तरी! सर डोळे मिटून शिकवत. हजेरी पुकारत नसत. महिनाअखेरीला स्टाफरूममध्ये चहा पीत बसायचं आणि जे चेहरे मनात येतील त्यांना हजर मांडायचं, ही त्यांची पद्धत.

यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या सबिहाचा परीक्षेचा अर्ज अडला. हजेरी एकवीस टक्के. ही पोरगी रोज सकाळच्या एसटीनं येते. तिला वर्गात शिरताना मी वर्षभर पाहिलंय. अमरसिंह मात्र शंभर टक्के हजर. तो तुळजापुरात मामाच्या लॉजवर बसतो. नवरात्रात तिथं सरांना फुकट खोली मिळते.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सबिहाला घेऊन मी सरांपुढं उभा राहिलो.

“अमरसिंह कधी आला होता, सर?”

“त्याची कल्पना माझ्या मनात अगदी स्पष्ट आहे. हिची न्हाय.”

“खोली फुकट म्हटल्यावर स्पष्ट असणारच.”

“तुम्हा वाणिज्यवाल्यांना सूक्ष्म काही कळायचं न्हाय.”

“सर, वर्ष जाईल माझं,” सबिहा म्हणाली. “घरचे पुन्हा पाठवणार न्हाईत.”

“मनाला लावून घेऊ नको, बाई. हा ज्ञानमीमांसेचा प्रश्न आहे.”

पोरीचं वर्ष बुडवताना या गृहस्थाला असला शब्द सुचतो!

सबिहानं वही उघडली. “बारा सप्टेंबरला तुम्ही सांगितलं, बंद खोलीतलं टेबल कुणी बघत नसलं तरी असतं, कारण देव बघत असतो. मग सर, आपल्या वर्गात अल्ला बघत नव्हता का?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तो भाग परीक्षेला न्हाय,” ते म्हणाले.

मी तिच्या हजेरीच्या दुरुस्तीचा कागद पुढं सरकवला. “मग हा प्रश्न प्राचार्यांना विचारू. अमरसिंहची हजेरीही सोबत नेऊ.”

देवाचं नाव काढून जे झालं नव्हतं, ते लॉजवाल्याच्या भाच्याचं नाव काढताच झालं. सरांनी लगेच सही केली. कागद मला देताना हळूच म्हणाले, “अमरसिंहचं तेवढं तसंच राहू द्या की.”

“नाही,” मी म्हणालो.

सबिहाचा अर्ज पावणेपाचला गेला. अमरसिंहचा मी अडवून ठेवला.