तिसऱ्या बेसवर राहिलेला

शिकागोच्या ट्रेनमध्ये तो म्हातारा अमेरिकन रोज माझ्यासमोर बसायचा. बाहेर बर्फ, बेसबॉलचा सीझन कधीच संपलेला, तरी इअरफोन लावून, डोळे मिटून मॅच ऐकायचा. शेजारच्या सीटवर त्याचा जुना ग्लोव्ह. माणसं उभी आणि ग्लोव्हला जागा! मला चीड यायची.

शेवटी विचारलंच, “कुठली मॅच ऐकताय?”

“मागच्या सीझनची शेवटची, रेकॉर्ड केलेली. आपला रनर टोपी उडेपर्यंत धावला, पण तिसऱ्या बेसवरच राहिला. होमला आलाच नाही.”

मी क्रिकेटवाला. ‘होम’ म्हणजे जिथे पोचल्यावर रन पूर्ण होतो तो शेवटचा बेस, हे मला कुठलं ठाऊक; मला घरच वाटलं. सवयीने धीर दिला, “येईल हो घरी.”

तो चमकला. “मग जागा करायला हवी,” म्हणत त्याने ग्लोव्ह उचलला.

सीटची रिकामी गादी हळूच खाली दबली.