बिअरवरची शाल

घरी बिअर करायला शिकते आहे. त्यासाठी आणलेल्या यंत्राच्या एकाच उंच भांड्यात जवाचे दाणे भिजतात, त्यांचं पाणी उकळतं, निवतं आणि आंबतंही. प्रत्येक टप्प्याला ते पीं पीं करून मला हाक मारतं. सासूबाई मात्र त्याला वळसा घालून जातात.

परवा थंडी वाढली आणि आंबताना झाकणावरच्या नळीत येणारे बुडबुडे थांबले. "यीस्ट मेलं बहुतेक," मी जेवताना नवऱ्याला हळहळत सांगितलं.

आज सकाळी पाहते तर भांड्याभोवती सासूबाईंची निळी शाल, इडलीच्या पिठाच्या डब्याला गुंडाळतात तशी, गाठ मारून. नळीत बुडबुडे पुन्हा सुरू झाले होते.

"आई, तुम्ही?"

"दारू मला पटत नाही, पटणारही नाही," त्या म्हणाल्या, "पण गारठलं होतं गं ते."

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही बरेच दिवस गप्प गप्प होते. माझ्याभोवती त्यांनी काय काय गुंडाळलं असेल, कोण जाणे.

थोड्या वेळाने त्या देवळात निघाल्या. शाल भांड्यालाच होती. त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट लपेटून घेतला.