चोपड्याच्या धक्क्यावरचा पोलंड

तमाम वाचकांनी हातातलं काम बाजूला ठेवावं, जमल्यास उभं राहावं, कारण एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करायची आहे. माझ्या बायकोच्या मामांइतका रागीट माणूस शापोरा नदीच्या दोन्ही काठांवर आजवर झालेला नाही. मामा सकाळी उठतात ते रागावूनच. पोदेर पाव घेऊन उशिरा आला तर उशिरा का म्हणून, आणि वेळेवर आला तर "आज कुठे सूर्य उगवला?" म्हणून. तुयेच्या कारखान्यात ते फिटर होते. मामा दारात दिसले की बंद पडलेलं यंत्र हात लागण्याआधीच सुरू व्हायचं, असं त्यांचे जुने सोबती शपथेवर सांगतात. मामा ओरडून थांबले की मामी पाण्याचा पेला पुढे करतात. मामा तो घटाघटा पितात आणि पुढच्या रागाला मोकळे होतात.

पण तोवर हा राग घरगुती होता. त्याला परदेशी धार आली ती निवृत्तीनंतर, मामा दोन वर्षांसाठी पोलंडला खिडक्यांच्या कारखान्यात गेले तेव्हा. नदीकाठचं एक लहानसं गाव. त्याचं नाव मामा एका दमात घेतात, मला तीन दमांत जमत नाही, तेव्हा ते राहू दे. तिथे त्यांची घरमालकीण म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. दर रविवारी ती मामांना गावभर हिंडवून इतिहास सांगायची, आणि मामांचं लक्ष नसलं की भर रस्त्यात ओरडायची. आयुष्यात पहिल्यांदाच मामांना तोडीस तोड माणूस भेटलं. मामा परत आले ते अख्खं गाव तोंडपाठ करून.

तेव्हापासून मामांच्या गावात, चोपड्यात, येणाऱ्या पाहुण्याला चोपडे दिसत नाही. मामा त्याला पोलंडच दाखवतात. "हा पिंपळ म्हणजे त्यांचा बाजारचौक समज. ती पाण्याची टाकी म्हणजे टेकडीवरचा बुरूज. किल्ला पडला, बुरूज तेवढा राहिला. आणि इथे, नदीला लागून, लाल विटांची धान्याची कोठारं. होड्यांतून गहू थेट समुद्राला जायचा!" पाहुणा बिचारा मोरजीच्या किनाऱ्याची वाट विचारायला थांबलेला असतो. "युद्धात निम्मं गाव बेचिराख झालं," मामा गरजतात. "लोकांनी जुने फोटो बघून वीट न् वीट परत उभी केली! आणि आम्ही? आम्हाला आजोबाच्या घराचं जनेल, साधी खिडकी, कुठच्या भिंतीत होतं ते आठवत नाही!"

त्या गावात चर्चच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, कुठल्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या. आपल्याकडे असं काही नाही याचा मामांना इतका संताप आला, की घर रंगवायला आलेल्या कोल्हापूरकडच्या पेंटरकडून त्यांनी ओसरीच्या भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीला निळी रेघ मारून घेतली. वर लिहिलं, 'पाणी येथवर आले होते.' पेंटर घाबरला. "मामा, हितपर्यंत नदी चढती व्हय?"

आतून मामींचा आवाज आला, "नदी कसली! पंप बंद करायला विसरले होते हे."

रेघ अजून आहे.

आणि मग ते धक्क्याचं प्रकरण निघालं. पूल नव्हता तेव्हा शिवोलीकडून येणाऱ्या होड्या आमच्या काठावर एका काळ्या धोंड्याला बांधत. दोरी घासून घासून त्या धोंड्याला कंबर आली आहे. तो उपटून तिथे स्टीलचं रेलिंग आणि फोटो काढायला बदामाच्या आकाराची चौकट बसवायची, असं ठरत होतं. मामांनी हे ऐकलं मात्र, तीन दिवस घरात भांडी आपोआप वाजत होती. रविवारी ग्रामसभा. मामा पहिल्या कदेलावर, म्हणजे अगदी पुढच्या खुर्चीवर, मामी मागे बायकांत, आणि तमाशा चुकू नये म्हणून मी दाराशी.

मामा उठले. बाजारचौक झाला, बुरूज झाला, कोठारं झाली, युद्ध झालं. अर्धा तास गेला. शेवटी मागून एक म्हातारा मासेमार ओरडला, "मामा, ते गाव वाचलं मरे! आपल्या धोंड्याचं काय ते सांगा!"

मामांनी तोंड उघडलं. परक्या गावाची वीट न् वीट ठाऊक असलेल्या माणसाला घरापासून शंभर पावलांवरच्या धोंड्याविषयी एक वाक्य येत नव्हतं. मी मामांना रागावलेलं हजारदा पाहिलंय, लाजलेलं त्या दिवशी पहिल्यांदा. सरपंचांनी पुढचा विषय घ्यायला कागद उलटला.

"थांबा," मामी उभ्या राहिल्या. ग्रामसभेत त्या कधीच बोलल्या नव्हत्या. "मी सांगते. लग्न ह्या काठच्या देवळात होतं. मी शिवोलीहून होडीतून येत होते. सुकती लागली नि होडी मधेच चिखलात रुतली. मुहूर्त टळायला आला. बघते तर समोर ह्याच धोंड्यावर नवरा उभा. मुंडावळ्या बांधलेल्या, आणि बोबो मारतोय! होडीवाल्याला, नदीला, माझ्या बापाला! आई म्हणाली, 'बाय गो, अजून वेळ आहे. भरती आली की परत जाऊया.'"

सभा हसून फुटलीच. मासेमार डोळे पुसत म्हणाला, "सरपंचांनू, धोंडो राहू दे! नाहीतर हे उभे खंय राहतले?" सरपंचांनी हसतहसतच लिहून घेतलं, धोंडा जागेवर ठेवावा.

मामा मात्र हसले नाहीत. ते मागे मामींकडे वळले. सगळं गाव ऐकतंय याचं भान न ठेवता त्यांनी विचारलं, आणि आवाजात रागाचा लवलेश नव्हता:

"अगो, मग परत का गेली नाहीस?"

मामींच्या तोंडून निघून गेलं, "एवढे ओरडून घसा सुकला असणार तुमचा. पाणी कोण देणार होतं?"