कडू घास कोण देईल

आमच्या बार्शीटाकळीकडच्या गावात ज्या घरातून मयत उठते, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारचं कुणीतरी पिठलं-भाकर घेऊन येतं आणि समोर बसून खाऊ घालतं. त्याला कडू घास म्हणतात. आम्ही बौद्ध आणि शेजारी कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या मुसलमानाचं घर. धर्म काहीही असो, मेलेल्या माणसामागे उरलेल्यांना भूक लागते, एवढ्यावर दोन्ही घरांचं एकमत होतं. आजा गेला तेव्हा शेजारच्या खालानं भाकरी आणल्या. खालाचा नवरा गेला तेव्हा मायनं तीन दिवस तिच्या घरी डाळ-भात पोचवला. खालाचं पिठलं तिखटजाळ. बाबा म्हणायचे, "हिचा घास खाल्ला का रडू आपोआप येते."

मग ती वाईट वर्षं आली. कापूस लागोपाठ बुडाला आणि गल्लीतल्या एकेका दाराला कुलूप लागलं. गाद्या भरून घेणारंच कुणी उरलं नाही, तेव्हा खालाचा मुलगा तिला अकोल्याला घेऊन गेला. जायच्या दिवशी मायनं तिच्या पिशवीत ज्वारीचं पीठ कोंबलं आणि भांडल्यासारखी म्हणाली, "तू चालली, त माह्यामागं या बापलेकीले घास कोन देईन?"

"मरायची घाई कावून करतं वं? मले खबर दे, मी येतो."

मेलेल्या माणसानं खबर कशी द्यायची, यावर दोघी हसल्या आणि मग रडल्या. मला दोघींचा राग आला. असल्या गोष्टी कुणी बसस्टँडवर बोलतं का!

पुढच्याच उन्हाळ्यात माय गेली. मी अमरावतीहून पोचले. वंदना झाली, तिला पोचवून आलो, आणि नातेवाईक दुपारच्या गाडीनं पांगले. त्यांच्याही घरी ओढाताणच होती. मामेभावानं स्टँडवरून पुरीभाजी आणून ठेवली. बाबांनी तिला हात लावला नाही. "घास आल्याबिगर कसं खाऊ?" म्हणाले. पण गल्लीत घास आणायला होतं कोण? मायची भीती खरी ठरली, या विचारानंच मला भडभडून आलं.

दिवस कलताना खाला आली. मामेभावानं तिला सकाळीच फोन केला होता. फडक्यात बांधलेला डबा सोडून ती बाबांसमोर बसली. "भाऊ, खा. तिले कबूल केलं होतं म्या."

भाकरी कडक झाल्या होत्या, पिठलं तेच तिखटजाळ. बाबा रडले, पण या वेळी त्यांनी पिठल्याला बोल लावला नाही.

डबा विसळताना खाला म्हणाली, "माह्या वक्ताले तुही माय येनार होती. आता कोन येईन?"

"मी येईन ना, खाला."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "तुले भाकर थापता येते?"

येत नव्हती. लहानपणी मी चुलीजवळ बसायला गेले की माय हाकलायची, "तू पुस्तक वाच वं, भाकरीले मी हावो न."