नाक्यावरचा चौथा

माझ्या आईच्या मते तिघांनी मिळून शुभकामाला निघू नये. तीन तिघाडा, काम बिघाडा. निघावंच लागलं तर अंगणातला एक दगड उचलायचा, त्याला कुंकू लावायचं आणि चौथा म्हणून सोबत घ्यायचा. काम झालं की त्याला परत घरी आणून तुळशीपाशी ठेवायचं. मला हा सगळा खुळचटपणा वाटे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि घरात जीप चालवता येणारा मी एकटाच, त्यामुळे माझ्या मताला जरा जास्तच किंमत आली होती.

बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. आठवा लागत आला होता, त्यापुढे तिला हलवायचं नाही असं सुईणीनं बजावलं होतं. सासर सातपुड्यापलीकडे, बऱ्हाणपूरच्या अलीकडच्या एका गावात. आमच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्याच, कारण पूर्वी तो मुलूख आणि आमचा सोनाळा एकाच प्रांतात होते. मग महाराष्ट्र झाला, आम्ही पेढे वाटले, आणि सोयरे परराज्यात गेले हे मागाहून कळलं.

निघालो आम्ही तिघं. मी, आई आणि माझे धाकटे काका. आईच्या ओटीत मुठीएवढा दगड. जीप लिलावातली, मिरच्या-वांगी बाजारात न्यायला घेतलेली. तिनं हद्द कधी ओलांडली नव्हती. घाट उतरलो तर रस्त्यावर बांबू आडवा.

परराज्यातली गाडी म्हणून तात्पुरता परवाना हवा, असं नाक्यावरच्या कारकुनानं हिंदीत सांगितलं. अर्ज कुठं मिळेल? कोऱ्या कागदावर लिहून आणा. कागद कुठं आहे? तो तुमचा तुम्ही आणा. काकांनी पिशवीतल्या पंचांगाची मागची कोरी पानं फाडली. मी बॉनेटवर ठेवून मराठीत अर्ज लिहिला, तर हिंदीत पाहिजे म्हणाला. दुसऱ्यांदा लिहिला, तर गाडीचा नंबर डाव्या कोपऱ्यात पाहिजे. तिसरा अर्ज लिहीपर्यंत त्याची जेवायची वेळ झाली. आम्ही उन्हात बसलो आणि तो आतल्या सावलीत आमच्यादेखत शांतपणे भाकरी कुस्करत राहिला.

जेवून हात पुसत तो बाहेर आला. "कितने आदमी?"

मी तोंड उघडायच्या आत आई मागून म्हणाली, "चार."

त्यानं परवान्यावर चार लिहिलं, शिक्का मारला, मग डोकावून माणसं मोजली. तीन. पुन्हा मोजली. चौथा कुठं उतरवलात, असं त्यानं दरडावून विचारलं. चोरून भाड्यानं माणसं नेणाऱ्या गाड्या फार झाल्या होत्या म्हणे. म्हणून जितकी डोकी येतील तितकीच परत जातील असा त्याचा नियम. त्यानं सीट उचलायला लावली, ताडपत्री उलगडायला लावली. शेवटी आईनं ओटी उघडून दगड दाखवला.

"हा हाय चौथा," ती म्हणाली.

कारकून हसला असता तरी चाललं असतं. तो हसला नाही. त्यानं परवाना फाडला आणि नवा अर्ज मागितला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईच्या ओटीतून दगड उचलला आणि मागं आमच्या बाजूच्या नालीत भिरकावला. "घे तुह्या चौथ्याले," मी म्हणालो. काका म्हणाले, "अबे, असं काऊन करतं?" तीन माणसांचा परवाना घेऊन आम्ही पुढं गेलो. येताना आम्ही चौघं असू, हे सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. रागापुढं अक्कल कुठली?

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बहिणीला घेऊन परत आलो. तिचे पाय सुजलेले, दर खड्ड्याला ती ओठ चावत होती. नाक्यावर तोच कारकून. त्यानं परवाना पाहिला, माणसं मोजली. तीन लिहिलेत, चार आहेत. मी म्हणालो, बहीण आहे, माहेरी नेतोय. ते त्याला दिसत होतं. पण डोकी वाढवून परवाना मिळणार शहरातल्या मोठ्या कचेरीतून, आणि कचेरी उघडणार सोमवारी. मी हात जोडले, ओरडलो, परत हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. तिला परत सासरी न्यायची तर तोच खड्ड्यांचा रस्ता आणखी दोनदा, आणि पुढं सगळा घाट.

तेव्हा आई उतरली.

"तीन लिवलं ना बापा? मंग या तिघाईले जाऊ दे," असं म्हणून ती पदर सावरत बांबूखालून वाकून पलीकडे गेली. पायी जाणाऱ्याला कोणी काही विचारत नव्हतं. कारकुनानं जीपमधली तीन डोकी मोजली, परवाना काढून घेतला आणि बांबू वर केला. इतकं सोपं होतं. दोन दिवस डोकं फोडून ते मला सुचलं नव्हतं, याचाच संताप आला.

पलीकडे जीप थांबवली तर आई नालीत उतरून वाकलेली. बहिणीनं विचारलं, "माय काय पाहून राह्यली रे?" आई वर आली तेव्हा तिच्या हातात तो दगड होता. कुंकू अर्धं पुसलं होतं, ती पदरानं माती झाडत होती.

"आता तं आपन चौघं हावो," मी म्हणालो. "कायले पाह्यजे तो?"

"घरून संगं निंगाला होता. त्याले वाटेत टाकून जात नाई." ती बहिणीशेजारी बसली. "तू पोटात होता तवा मले न्यायलेई तिघंच आले होते. त्याईनं आनलेला चौथा अजून हाय, मेहकरच्या मामाच्या तुळशीपाशी. कोनी फेकला नाई त्याले."

तो दगड मला माहीत होता. लहानपणी दर सुट्टीत मी त्याच्यावर बोरांच्या बिया फोडून खाल्ल्या होत्या, आणि मामी दर वेळी तो धुऊन, कुंकू लावून पुन्हा जागेवर ठेवायची.