येऊ का, मंदा?

लीलाबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला, तोही हिंदीत. ‘आंटी, मम्मी नहीं रहीं.’ मराठी त्याला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देतो, आणि यावरून बाईंनी जन्मभर त्याला बोल लावले. सकाळी छातीत दुखलं म्हणाल्या, चहा ठेवला, आणि चहा उकळायच्या आत गेल्या. मी काही बोलणार तोच तो म्हणाला, ‘मंदा मौसी को मत बताना.’ संध्याकाळी दादानेही हेच सांगितलं. ‘सांगू नकोस. तिला काय कळणार आहे? उगाच जिवाला लावून घेईल.’ आता, कळणार नसेल तर जिवाला कसं लावून घेईल, हे मी दादाला विचारलं नाही. भांडायची ती वेळ नव्हती. पण सांगायचं की नाही, हा प्रश्न माझ्याच गळ्यात आला, कारण दर रविवारी मंदाकडे जाणारी आता मी एकटीच उरले होते...

मंदा माझी धाकटी बहीण. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलता येत नाही, ऐकू सगळं येतं. हो म्हणायचं असलं की डोळे मिटते, नाही म्हणायचं असलं की मान खिडकीकडे फिरवते. ही भाषा आईची आणि तिची. आईच्या काळात ती भूक, तहान आणि न्हाणीघर एवढ्यापुरतीच होती. मग आई थकली, आणि आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी मंदाचं सगळं करायला लीलाबाई येऊ लागल्या. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. लीलाबाई मूळच्या तुमसरकडच्या, नवरा रेल्वेत, घर शहराच्या कडेला, भनपुरीला. पहिल्या दिवशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, ‘माय, मी बौद्ध आहे. मी तुमच्या घरचं पानी पिईन. माह्या हातचं तुमाले चालते का, ते आजच सांगा. मागाहून तोंड वाकडं नाही पाह्यजे.’ आईच्या माहेरी हे चाललं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण ती म्हणाली, ‘आधी चहा टाक. साखर कमी.’ पुढे त्या दोघी एका ताटलीत मुरमुरे खात बसत आणि सगळ्या पाऱ्याची, म्हणजे मोहल्ल्याची, उणीदुणी काढत.

मंदाच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. लीलाबाई चौकटीवर बोटाने टकटक करायच्या आणि विचारायच्या, ‘येऊ का, मंदा?’ आत जाऊन पुन्हा विचारायच्या. तोंड पुसू का? वेणी घालू का? हिरवं पातळ की निळं? आम्हाला आधी हसू आलं. मग वैताग आला, कारण मंदा चक्क नाही म्हणायला शिकली. दादाची बदली नव्या मंत्रालयात झाली होती, घरी साहेबलोकांची ये-जा वाढली होती. आमच्याकडे रीत अशी की पाहुणा आला की चहाआधी त्याला मंदाच्या खोलीत न्यायचं. पाहुणा तिच्या डोक्यावर हात ठेवणार, ‘बिचारी’ म्हणणार, आईला ‘धन्य आहे तुमची’ म्हणणार. एकदा साहेबांची बायको पेढ्यांचा पुडा घेऊन पडद्याशी पोहोचली, आणि लीलाबाई आडव्या आल्या. ‘थांबा, विचारते.’ आतून येऊन म्हणाल्या, ‘नाही म्हनते.’ ती बाई पुडा हातात धरून उभी. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाहुणी गेल्यावर तो कडाडला, तर लीलाबाई शांतपणे म्हणाल्या, ‘भैया, तुमी आंघोळ करून राहिले अन् कोनी पाहुना आनला, तं चालन का?’ दादा म्हणाला, मंदा कुठे आंघोळ करत होती? पण पाहुण्यांना मंदा दाखवणं त्या दिवसापासून बंद झालं.

बाईंची सगळीच मतं मला पटत असं नाही. आमचे वाद चालत, आणि त्या वादाला मला फार गोडी होती. स्वतःच्या मुलाचं लग्न त्यांनी त्याला न विचारता ठरवलं. मी चिडवलं, ‘लीलाबाई, पोट्ट्याला विचारलं का?’ त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘त्याले काहून विचारू? त्याले तोंड आहे. नसन पटत तं बोलन. विचाराचं त्याले, ज्याले बोलता येत नाही.’ मी आजही या वाक्याभोवती फिरते. अर्धं पटतं, अर्धं नाही. आणि घराबद्दल तर त्यांचं मत पक्कं होतं. घरचं माणूस घरातच राहावं, घरातच मरावं. आश्रमात टाकणं म्हणजे जित्या माणसाची माती करणं, हे त्या आईसमोर, दादासमोर, भाजीवाल्यासमोरही बोलून दाखवायच्या.

आई गेली आणि दादाने विषय काढला. शहराबाहेर एक वसतिगृह आहे, मंदासारख्या बायका राहतात, व्यवस्था चांगली आहे. लीलाबाई पेटल्याच. ‘मी मेली का? माह्या हातापायात दम आहे तोवर पोट्टी कुठी जात नाही.’ मीही त्यांच्याच बाजूची. दादा इरेला पेटला. शेवटी बाईच म्हणाल्या, ‘तिले विचारा. ती म्हनन ते खरं.’ जिंकणार याची त्यांना पुरती खात्री होती, ते त्यांच्या कमरेवरच्या हातांवरूनच दिसत होतं. न पाहता कसं सांगेल म्हणून आधी मंदाला तिथे नेऊन आणलं. लांब व्हरांडा, खुर्च्यांवर बायका, कुणी गात होतं, कुणी नुसतंच ओरडत होतं. येताना लीलाबाई नाक मुरडून म्हणाल्या, ‘बाजार आहे नुसता.’

घरी आल्यावर त्यांनी चौकटीवर टकटक केलं. आम्ही दोघं पडद्याशी उभे.

‘मंदा, घरीच राह्यचं ना?’

मंदाने खिडकीकडे पाहिलं.

बाईंना वाटलं, दमली असेल. त्यांनी प्रश्न उलटा केला. ‘तिकडे जायचं?’ मंदाने डोळे मिटले. मग बाईंनी अगदी हळू विचारलं, ‘मी तिथं नसन. तरी?’

मंदाने पुन्हा डोळे मिटले.

मला रडू फुटलं. लीलाबाईंनी मंदाच्या कपाळावरचे केस मागे सारले, पण त्याआधी ‘सारू का’ म्हणून विचारलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. बाहेर येऊन दादाला म्हणाल्या, ‘हव म्हनते. तयारी करा.’ दादा, जो जिंकला होता, तो म्हणाला, तुम्ही म्हणत असाल तर घरीच राहू द्या. बाई म्हणाल्या, ‘माह्या म्हनन्याचा काय संबंध?’ आणि मंदाची पातळं घड्या करायला बसल्या.

मंदाला का जायचं होतं, हे मला कधी कळलं नाही. हो-नाहीच्या भाषेत ‘का’ला जागा नसते. बाईंचा एक अंदाज होता. ‘आपुन तिले दिवसभर पाहून राहिलो होतो. तिलेही कोनाले पाहावं वाटत असन.’ असेलही. तिथे मंदाची खुर्ची व्हरांड्यात असते आणि ती खरंच सगळ्यांकडे बघत असते, एवढं मी सांगू शकते.

बाईंनी मात्र आपलं मत बदललं नाही. दर रविवारी भनपुरीहून ऑटो बदलत यायच्या, वसतिगृहाला नावं ठेवायच्या, आणि मंदाच्या खोलीला चांगलं लाकडी दार असूनही चौकटीवरच टकटक करायच्या. कधी मंदा खिडकीकडे पाहायची. तेव्हा बाई व्हरांड्यात बसून बाकीच्या बायकांशी गप्पा मारायच्या आणि परत जायच्या. मी म्हणायची, एवढ्या लांबून आलात, तशाच आत जा. त्या म्हणायच्या, ‘मंग मी विचारलं कायले?’

त्या गेल्यानंतरच्या रविवारी मी त्या चौकटीवर टकटक केलं. मंदाने डोळे मिटले. मी आत बसले आणि म्हटलं, ‘लीलाबाईंची एक बातमी आहे. चांगली नाही. सांगू?’ तिने खिडकीकडे पाहिलं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. पुन्हा खिडकी. तिला कळलंय का? दोन रविवार बाई आल्या नाहीत, मी एकटीच येते, न कळण्यासारखं काय आहे त्यात... पण तिला माझ्या तोंडून ऐकायचं नाही, आणि ते मला ऐकावंच लागलं.

परवा मी वेगळंच विचारलं. ‘मंदा, बातमी नको. लीलाबाईंच्या गोष्टी सांगू?’

तिने लगेच डोळे मिटले. मी खुर्ची जवळ ओढली आणि उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या बाईंपासून सुरुवात केली. माय, मी बौद्ध आहे, माह्या हातचं चालते का... चहा, साखर कमी, सगळं सांगितलं. गोष्ट संपली तरी मंदाने डोळे उघडले नाहीत. म्हणून मी पेढ्यांच्या पुड्याची सांगायला घेतली.