ऐकलं की पुसायचं

एलिझामावशी ऐकून झालेला आवाज घरात ठेवत नसे. सुतळीचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, सगळं जपून. आवाज मात्र ऐकला की पुसला!

ही सवय कॅसेटची. पनवेलच्या आमच्या आळीतली बेने इस्रायली ज्यूंची घरं एकेक करून इस्रायलला गेली, त्यात मावशीचा एकुलता एक अब्याही गेला. माझा शाळेपासूनचा दोस्त. तेव्हा मायलेकांत पत्रांऐवजी कॅसेट जायची-यायची, तीही एकच. अब्या बोलून पाठवायचा, मावशी ऐकायची आणि त्याच्या बोलण्यावरच आपलं उत्तर भरून परत धाडायची. "नवी कशाला रे? ही काय झिजलीय?" टेपरेकॉर्डरपुढे बसून ती अशी काही ओरडायची की शेजारीपाजारी हसून बेजार.

पुढे मोबाइल आला, कॅसेट मावशीचं शेवटचं उत्तर घेऊन तिकडेच राहिली. अब्या तिकडे एकटाच, लग्न काही जमलं नाही. मला तो नुसत्या शिव्या टाइप करून पाठवायचा, आईला मात्र रोज बोलून निरोप. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस लागला की मावशीचा फोन कपाटात. शनिवारी आकाशात तारे दिसले, शब्बाथ सुटला की आधी अब्याला ऐकायची आणि लगेच पुसायची.

"अगं राहू दे की मावशी, यात भरपूर जागा असते."

"तू गप रे, शहाणा! जागा करून ठेवली नाही तर त्याचा नवा यायचा कुठं?"



अशाच एका शनिवारी तिनं निरोप ऐकला, हसली, पुसला. त्याच आठवड्यात अब्या कामावर कोसळला, तो उठलाच नाही.

दुखवट्याचे दिवस सरले तशी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. "ह्यात कुठंतरी असेल ना रे? शोध ना." पनवेलातली मोबाइलची सगळी दुकानं मी पालथी घातली. कुणालाच काही सापडलं नाही. अब्याचा स्वतःचा फोन कुलूपबंद, तो तिकडे कुणाला उघडता येईना. हे सांगितलं तेव्हा ती आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. "ह्याच बोटानं रे," म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

मग तिनं एकच धरलं. "चेहरा दिसतो रे त्याचा. आवाज आठवत नाही. तू शाळेत त्याची नक्कल करायचास ना? एकदा हाक मार मला." घसा खरवडून, थोडं नाकात म्हणालो, "आई गं, वाढ ना!" मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"नाही रे. असा नव्हता."

जाईन तेव्हा तेच. कधी जाड आवाजात, कधी हळू, कधी हेल काढून. नाना तऱ्हेनं हाका मारल्या. दर वेळी ती कान देऊन ऐकायची आणि मान हलवायची. गेल्या वर्षी तीही गेली, शेवटपर्यंत मला तो आवाज काही लागला नाही.

आता अब्याला आठवायला बसलो की मला माझाच आवाज ऐकू येतो.